पेनल्टी बॉक्समध्ये काकीजी

अन्याय झाला तो जळगावच्या अकरा मुलींवर. कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, धुळ्याच्या एका मैदानावर, संध्याकाळी पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तो सगळ्यांना दिसला. सुरू मात्र दुपारी दोनलाच झाला होता. मी तेव्हा अकरावीत होते, माझ्या पाठीवर नऊ नंबर होता आणि बॉल जाळीत होता. तो गोल कुठेही लिहिलेला नाही. ही गोष्ट सांगितली की लोक पोट धरून हसतात, आणि हसतात ते चुकीच्या माणसाला. म्हणून ती मी एकदाच, नीट, क्रमाने लिहून ठेवते आहे. आज मी तिशीला टेकले आहे. इतर धंद्यांत या वयाला माणसाचा जम बसायला लागतो. स्ट्रायकरच्या धंद्यात या वयाला गुडघ्याची दोन ऑपरेशनं आणि आठवणी उरतात. म्हातारपणी लिहायचं ते मला आत्ताच लिहायला हवं.

आमचं घर जळगावच्या दाणाबाजारात, खाली दुकान आणि वर आम्ही. दुकान कडधान्याचं. सकाळी जाग यायची ती चाळणीच्या आवाजाने: खाली बायका तूर चाळत बसायच्या, आणि तो सर्रसर्र आवाज दिवसभर घराच्या पायाशी चालू असायचा. घरात मारवाडी, दुकानात मराठी, गिऱ्हाईक खेड्यातलं असेल तर अहिराणी, अशा तीन भाषा पप्पा एका वाक्यात वापरायचे आणि तिन्हींत भाव कमी करायचे नाहीत. राजस्थानातून आमचे पणजोबा आले तेव्हा बरोबर काय आणलं होतं ते कुणाला नक्की माहीत नाही, पण सूर्यास्ताआधी जेवायचं हे नक्की आणलं होतं. आमच्या घरातली संध्याकाळ म्हणजे परीक्षेची शेवटची दहा मिनिटं. पाच वाजले की वर भांड्यांचा धडाका सुरू व्हायचा, खालून पप्पा गिऱ्हाइकाला अर्ध्यात सोडून जिना चढायचे, आणि काकीजी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून वेळ पुकारायच्या: "बारा मिनिटं." "नऊ मिनिटं." "चंचल, गट्ट्याची भाजी घे. सहा मिनिटं." त्या कॅलेंडरात रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असायची, आणि काकीजींचा त्या छापील आकड्यावर जेवढा विश्वास होता तेवढा समोरच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्यक्ष सूर्यावर नव्हता.

काकीजी म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाची बायको. ठेंगण्या, गोल, चालायच्या त्या धावल्यासारख्या. आयुष्यात त्यांनी कुणाला एक मिनिट उशीर केला नव्हता, आणि कुणी त्यांना केला तर त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त घड्याळाकडे बघायच्या. त्याची भीती पप्पांनाही होती.

फुटबॉल मी गोदामात शिकले. तिथे तुरीच्या पोत्यांच्या छताला टेकलेल्या थप्प्या, आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली. त्या गल्लीतून रबरी बॉल पायात घेऊन मी जायचे, आणि समोरून पाठीवर पोतं घेतलेले हमाल यायचे. पोत्याखालच्या माणसाला खालचं दिसत नाही. तो थांबत नाही, वळत नाही, आणि त्याला धक्का लागला तर पोतंही पडतं आणि पप्पांचा हातही. पुढे मोठ्या क्लबात मला शिकवणाऱ्या एका परदेशी प्रशिक्षकाने विचारलं, एवढ्याशा जागेत वळायला तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, तुरीत. त्याला ते गावाचं नाव वाटलं.

गोदामातून मैदानात जायचं ठरलं तेव्हा मात्र घरात बैठक बसली. हाफ पॅन्टचा प्रश्न पप्पांनी काढला आणि मम्मीने मिटवला. ती म्हणाली, गुडघ्यापर्यंत मोजे असतात, उरतं काय? खरा प्रश्न होता सरावाचा. तो साडेपाचपर्यंत चालायचा, आणि सूर्य काही आमच्या सोयीने बुडणार नव्हता. तेव्हा काकीजी म्हणाल्या, महासतीजींना विचारू. चातुर्मासासाठी साध्वी आमच्या जैन स्थानकात मुक्कामाला होत्या. त्यांच्यासमोर मी, पप्पा आणि काकीजी बसलो, मधे बॉल. महासतीजींनी बॉलकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "चामड्याचा आहे?" पप्पांनी बॉल उलटासुलटा करून शिक्का वाचून दाखवला: रेक्झिन. "बूट?" कापडाचे. मग त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात हिरव्या गवतावर पाय द्यायचा नाही. जीव असतात." मी खाली मान घातली. सगळं संपलं असं वाटलं. काकीजी हात जोडून म्हणाल्या, "महाराज, जळगावच्या मैदानावर गवत नाहीच."

ते खरं होतं. धूळ होती, खडे होते, लग्नाच्या मांडवाचे खिळे होते, गवत नव्हतं. ज्यांनी त्या मैदानाला पाणी मारायला हवं होतं त्यांच्या आळसावर मी नंतर पुष्कळ पत्रकं काढली. पण माझी कारकीर्द त्या आळसाच्या जोरावर सुरू झाली, हेही प्रामाणिकपणे इथे लिहिते. महासतीजी हसल्या. मी नियम घेतला: चातुर्मास संपेपर्यंत, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून अठ्ठेचाळीस मिनिटं झाल्यावरच पहिला घोट. कुणी बळजबरी केली नव्हती. मला खेळायचं होतं, आणि काकीजींनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. तो शब्द आता माझाही होता.

आम्हाला शिकवायचे आबा. मूळचे सोनगीरचे, एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी मुंबईच्या डेपोच्या संघातून खेळलेले. त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. ते हॉर्न वाजवल्यासारखा तोंडानेच आवाज काढायचे आणि सगळ्या मुली रस्त्याच्या कडेला व्हायच्या तशा बाजूला व्हायच्या. बोलायचे अहिराणीत. मी बॉल सोडला नाही की मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू यायचं, "पोरी, बॉल तुना मामाना शे का? दी टाक ना तिले." तिले म्हणजे रमिलाला. रमिला सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, जळगावला वसतिगृहात राहणारी. ती मधल्या फळीत खेळायची, दिवसाला दहा वाक्यं बोलायची, आणि तिचा पास मी जिथे होते तिथे कधीच यायचा नाही. मी जिथे असायला हवं होतं तिथे यायचा. तिच्यामुळे मी धावायला शिकले. थंडी पडायला लागली की आबा संघाला शेतात भरीत पार्टीला न्यायचे. तुराट्यांवर वांगी भाजली जायची, धूर, लसूण, शेंगदाणे, कळण्याची भाकरी, आणि मी वांग्या-लसणाच्या त्या सुगंधात बसून खाकरा मोडत असायचे. रमिला एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं जेवण फार आवाज करतं." त्या दिवसाची तिची दहा वाक्यं संपलेली असावीत, कारण नंतर ती काही बोलली नाही.

तर ती धुळ्याची स्पर्धा. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो, आणि मुंबईच्या एका क्लबच्या प्रशिक्षक मॅडम तो सामना बघायला येणार होत्या. त्यांना मुलींच्या संघासाठी एक स्ट्रायकर हवी होती. पगार, राहणं, जेवण, कॉलेजची फी. खानदेशातून तोवर कुणी मुलगी तशी गेली नव्हती, आणि आबांनी सांगून ठेवलं होतं, त्या एकदाच येणार, त्यांना त्याच संध्याकाळच्या सव्वासहाच्या बसने परत जायचंय. सामना दोनला, साडेतीनपर्यंत संपला असता. मॅडमना वेळ होता, सूर्याला वेळ होता, सगळं जमत होतं.

सकाळी आम्ही आबांच्या ओळखीच्या जीपमधून निघालो. पप्पांनी अट घातली होती की घरातलं कुणीतरी बरोबर जाईल, आणि काकीजी आदल्या रात्रीच थेपले करून तयार होत्या. पुढच्या सीटवर आबांशेजारी त्या बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर पाण्याची बाटली, हातात पप्पांचं घड्याळ, आणि पर्समध्ये भिंतीवरून फाडून आणलेला कॅलेंडरचा कागद. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा आबांनी विचारलं, "अक्का, हाऊ कागद कशाले?"

"सूर्यास्ताची वेळ आहे त्यावर."

"सूर्य तर वर दिखाई राहिना."

"तो ढगात जाऊ शकतो," काकीजी म्हणाल्या. "कागद जात नाही."

मैदानावर पोचलो तेव्हा मुलांचा अंतिम सामना अकराला सुरू व्हायला हवा होता तो साडेबाराला सुरू होत होता, कारण अध्यक्ष यायचे होते. तो सामना रंगला. जादा वेळ दिला. तरी बरोबरी. मग पेनल्टी. ते सगळं मुलांना मिळालं आणि मिळायलाच हवं, माझी त्याला हरकत नाही. नंतर अध्यक्षांनी माइक घेतला. खेळामुळे शरीर सुदृढ होतं हे त्यांनी स्वतःचं शरीर खुर्चीत सावरत पाऊण तास सांगितलं. मग सत्कार. स्वागताध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा, मांडववाल्याचा, ज्याने माइक दिला त्याचा. आणि सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि ताट. ताट धरायला कोण? तर अंतिम सामना खेळणाऱ्या मुली. आम्हाला रांगेत उभं केलं. पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात नारळ, हळदकुंकू आणि शालींचं ताट. माझ्या ताटात चार नारळ होते. समोरच्या खुर्च्यांत मुंबईच्या मॅडम बसल्या होत्या, मांडीवर वही, आणि मी त्यांना पहिल्यांदा दिसले ती अशी. शेजारी रमिला. ती पुटपुटली, "आपण खेळायला आलोय की लग्नाला?" मागून आबांचा आवाज आला, मुद्दाम मोठ्याने: "मॅच ना टाइम दोन ना शे. आते चार वाजी गयात. पोरी ताट धरी राहिन्यात." माइकवरच्या माणसाने आबांकडे बघून म्हटलं, "शांतता राखा, आता आबांचाही सत्कार होईल." आणि केला.

साडेचारला आमची शिट्टी झाली. पस्तीस मिनिटांचे दोन हाफ. दीड तास उन्हात उभं राहून माझे पाय लाकडाचे झाले होते. पहिल्या हाफमध्ये मी दोनदा सोपा बॉल बाहेर मारला आणि एकदा पडले. धुळ्याने गोल केला, मग रमिलाने लांबून एक मारला, एक-एक. मध्यंतरात काकीजी डबा उघडून आल्या. मी म्हटलं, पोट भरून धावता येत नाही. त्यांनी हिशेब केला: दुसरा हाफ सव्वापाचला सुरू, पाच पन्नासला संपणार, कागदावर सूर्यास्त पाच एकोणपन्नास. एक मिनिट कमी पडत होतं. मी वचन दिलं, पावणेसहाच्या सुमारास बॉल बाहेर गेला की मी रेषेपाशी येईन, पाणी पिईन, एक थेपला खाईन, परत जाईन. काकीजींनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." हे मी आज लपवत नाही. वचन मी दिलं होतं.

साडेपाचला मॅडम उठल्या. मी ते पाहिलं. बॉल रमिलाकडे होता, मी खुर्च्यांकडे बघत होते. मॅडमनी वही बॅगेत टाकली, आबांशी दोन शब्द बोलल्या, घड्याळ दाखवलं, आणि फाटकाकडे निघाल्या. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे दोन बाहेर मारलेले बॉल, एक पडणं आणि चार नारळ एवढंच असणार होतं. मला राग आला, असा राग की पायातलं लाकूड निघून गेलं. त्यानंतर मी काय खेळले ते मला खरंच आठवत नाही. पावणेसहा वाजले, बॉल बाहेर गेला, काकीजी रेषेपाशी बाटली हातात घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या समोरून धावत गेले. मला त्या दिसल्याच नाहीत.

मग रमिलाचा पास आला, मी नव्हते तिथे, मी असायला हवं होतं तिथे. मी पोचले. धुळ्याच्या मागच्या फळीतली एक मागे पडली, दुसरी घसरली, समोर फक्त गोलकीपर. ती पुढे झेपावत आली. मी थांबले. ती खाली बसली. मी डाव्या पायाने तिच्या बाजूने बॉल टाकला, आणि तो जाळीकडे निघाला तेव्हा शिट्टी वाजली. बॉल जाळीत गेला. मी हात वर केले, वळले, आणि पेनल्टी बॉक्सच्या मधोमध काकीजी उभ्या होत्या. गुलाबी साडी, एका हातात बाटली, एका हातात डबा.

"दोन मिनिटं राहिली," त्या म्हणाल्या. "आधी पाणी."

पंच कॉलेजातला मुलगा होता, त्याला घाम फुटला. "मावशी, बाहेर व्हा. मॅच चालू आहे."

"मी कुठे बंद केली? शिट्टी तुम्ही वाजवली."

"तुम्ही आत आलात म्हणून वाजवली."

"मग आता वाजवलीच आहे तर हिला पिऊ द्या."

मैदानात एकच हशा उसळला. लोक खुर्च्यांवर चढून हसत होते. मी रडत होते आणि पाणी पीत होते, दोन्ही एकदम. पंच घड्याळ बघत म्हणाला, गोल नाही, बाहेरचं माणूस आत होतं. आबा धावत आले, "गोल व्हयना ना, मी सोताना डोयाघाई दखा," आणि पंचाने त्यांना बाहेर काढलं. मी उभ्या उभ्या थेपला तोंडात कोंबला. धुळ्याची गोलकीपर जमिनीवरून उठून आमच्याकडे बघत होती. काकीजींनी तिच्यापुढे डबा धरला. "घे. तू पण दुपारपासून उभी आहेस." तिने घेतला. मग तिच्या मागच्या फळीतल्या दोघींनी घेतला. मी चूळ भरली, हात जोडले, डोळे मिटून नियम म्हटला, आणि माझ्या भोवती एकवीस मुली, एक पंच आणि काकीजी गप्प उभ्या होत्या.

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. धुळ्याचे किराणा व्यापारी, आमच्याच समाजातले. मुलीचा खेळ बघायला आले होते. तेही घड्याळच बघत होते. म्हणाले, "काकीजी, कुठलं कॅलेंडर?"

काकीजींनी पर्समधून कागद काढला.

"हे जळगावचं. धुळं पश्चिमेला आहे. इथे सूर्य तीन मिनिटं उशिरा मावळतो. आज पाच बावन्न." आणि त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढून दाखवला.

काकीजींनी दोन्ही कागद शेजारी धरले. मग पश्चिमेला पाहिलं. सूर्य होता. चांगला बोटभर वर होता. माझ्या आठवणीत त्यांनी प्रत्यक्ष सूर्याकडे पाहून वेळ ठरवल्याची ती पहिलीच खेप. त्यांचं तोंड असं झालं की मी रडायची थांबले. पंचाने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि बॉल धुळ्याच्या गोलकीपरला दिला. तिने तो तोंडातला घास गिळून लांब मारला.

सामना बरोबरीत संपला. आबा म्हणाले, जादा वेळ द्या. आयोजक म्हणाले, अंधार पडतोय. आबा म्हणाले, मग पेनल्टी. आयोजक म्हणाले, दिवे नाहीत, बॉल दिसणार नाही. मग त्यांनी खिशातून नाणं काढलं. दुपारी मुलांना जादा वेळ मिळाला होता, पेनल्टी मिळाली होती, भाषणाला पाऊण तास मिळाला होता, मांडववाल्याला शाल मिळाली होती. आम्हाला नाणेफेक मिळाली. छापा पडला, धुळं जिंकलं. धुळ्याच्या मुलीही नाचल्या नाहीत. त्यांनाही कळत होतं. रमिला म्हणाली, "नाणंसुद्धा त्यांचंच होतं."

काकीजी जीपपाशी उभ्या होत्या. मला वाटलं त्या माझी समजूत घालतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आबांना म्हणाल्या, "ती वहीवाली बाई कुठे गेली?"

"स्टँडवर. सव्वासहानी बस शे."

"चला."

"अक्का, आते काय उपयोग..."

"मी न दिलेलं घेतलं," काकीजी म्हणाल्या. "तीन मिनिटं. तिची होती, मी उचलली. चला."

जीपमध्ये अकरा मुली, काकीजी आणि आबा. स्टँडवर पोचलो तेव्हा बस फलाटावरून मागे येत होती. आबा सरळ जाऊन तिच्या मागे उभे राहिले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "आबा, तुमी रिटायर व्हयनात, तरी डेपो तुमनाच शे का?"

"दोन मिनिट थांब भाऊ. बाई महत्त्वानं बोली राहिनी."

काकीजी बसमध्ये चढल्या. मी त्यांच्या मागे. दुकानाबाहेरच्या परक्या माणसाशी काकीजी कधी चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. मॅडम तिसऱ्या सीटवर होत्या. काकीजी त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर हिने बॉल जाळीत टाकला."

मॅडमनी थकलेल्या माणसासारखं हसून म्हटलं, "अहो, प्रत्येक मुलीची काकू हेच सांगते."

"पण मी तिथे होते."

"तिथे म्हणजे? बाहेर बसला होतात ना?"

"नाही. आत. चुन्याच्या चौकटीत."

मॅडम सरळ बसल्या. "पेनल्टी बॉक्समध्ये? काय करत होतात?"

"पाणी घेऊन गेले होते."

बसमधलं कुणीतरी खुसखुसलं. मॅडम हसल्या नाहीत. "कोणत्या पायाने मारला?"

"डाव्या. उजव्या बुटाची नाडी सुटली होती, मी तिकडेच बघत होते, म्हणून लक्षात आहे."

"गोलकीपर कुठे होती?"

"ती पुढे धावत आली. ही थांबली."

"थांबली?"

"हो. मला राग आला. म्हटलं, सूर्य बुडतोय आणि ही थांबली काय. मग ती खाली बसली, आणि हिने बाजूने टाकला. हळूच. जोरात नाही."

मॅडमनी बॅगेतून वही काढली. "पास आला तेव्हा हिच्यापुढे कितीजणी होत्या?"

काकीजींनी डोळे मिटून मोजलं. "तीन. आणि मी."

"गोल दिला?"

"नाही दिला. माझ्यामुळे नाही दिला. माझं कॅलेंडर जळगावचं होतं." हे वाक्य मॅडमना कळणं शक्य नव्हतं, पण त्यांनी तेही लिहून घेतलं असं मला दिसलं. कंडक्टरने घंटी वाजवली. मॅडम म्हणाल्या, आजवर मला ज्यांनी ज्यांनी गोल सांगितले त्यांतलं कुणी "दिला नाही" असं म्हणालं नव्हतं. मग मला म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मुंबईला ये, चार दिवस खेळवून बघते.

चार दिवसांची नऊ वर्षं झाली. तीन क्लब, दोन ऑपरेशनं, आणि गोलही पुष्कळ. ते लिहिलेले आहेत, ज्याला हवे त्याने बघावेत. दर चातुर्मासात क्लबची स्वयंपाकीण माझं ताट पाच वाजता वेगळं काढायची, आणि ज्या गावात सामना असेल त्या गावाची सूर्यास्ताची वेळ काकीजी आदल्या दिवशी फोनवर सांगायच्या, गावाचं नाव दोनदा विचारून. रमिलाला मात्र कुणी बोलावलं नाही. मॅडमना स्ट्रायकर हवी होती, आणि रमिलाचा खेळ ज्या वेळात उमलतो त्या वेळात त्या बसच्या वाटेवर होत्या. ती आज तिच्या तालुक्यातल्या शाळेत मुलींना शिकवते. ती माझ्याहून चांगली खेळायची. हे मी जिथे बोलायला उभी राहते तिथे आधी सांगते.

आणि सांगून झालं की लोक काकीजींना हसतात. हसा. काकीजी स्वतःही हसतात, त्या चिडत नाहीत. पण हे लक्षात ठेवा: काकीजींनी तीन मिनिटं घेतली, त्याच संध्याकाळी कबूल केली आणि बसमध्ये चढून परत केली. ज्यांनी दोनपासून साडेचारपर्यंत आमचे अडीच तास घेतले त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या पत्रिकेत मुलींचा सामना पुन्हा शेवटी होता. तो तुमच्याही गावात शेवटीच असतो. तुमच्या हातात जी पत्रिका येईल ती खालून वाचायला लागा. मुलींच्या सामन्याची वेळ शोधा. मग आयोजकांना फोन करा आणि विचारा: या वेळेला शिट्टी झाली नाही तर तुम्ही काय रद्द कराल, भाषण की सामना? उत्तर तोंडी घेऊ नका. कागदावर सही घ्या, आणि सामन्याच्या दिवशी तो कागद हातात घेऊन मैदानावर वेळेच्या आधी या.